बॉम्ब उचलणाऱ्या मुली

विमान उतरतं तेव्हा मैदानावर तीन कंदील तेवढे जळत असतात. त्यांना आडोसा असा केलेला, की उजेड उतरणाऱ्या वैमानिकाला दिसावा, वरून जाणाऱ्या शत्रूला दिसू नये. चाकं टेकून विमान धडधडत पुढे येतं तोच एक मुलगी धावत जाते, खालच्या पंखाचं टोक धरते आणि त्याला ठरलेल्या जागी वळवून आणते. दुसरी पेट्रोलची नळी ओढत येते. तिसरी इंजिनाभोवती हात फिरवून तेल कुठे गळतंय का ते चाचपते. तेवढ्यात तिघी जणी एक बॉम्ब उचलून पंखाखाली शिरलेल्या असतात. पंख इतका खाली, की ताठ उभं राहता येत नाही. गुडघे चिखलात टेकवायचे, बॉम्ब छातीशी घ्यायचा आणि तिघींनी एकदम वर रेटायचा, म्हणजे तो आकड्यात अडकतो. मग फ्यूज बसवायचा. फ्यूजचे बारीक आटे अंधारात फक्त बोटांना कळतात, म्हणून थंडी कितीही असो, हातमोजे काढावे लागतात. वैमानिक जागेवरून उठलेलीही नसते. नॅव्हिगेटर उडी मारून पळत जाते, काय पाहिलं ते कमांडरला दोन वाक्यांत सांगते आणि पळतच परत येते. कुणीतरी पंखा फिरवून देतं, इंजिन सुरू होतं, विमान निघून जातं. या सगळ्याला पाच मिनिटं लागलेली असतात, आणि मागून दुसरं विमान कंदिलांच्या दिशेने उतरू लागलेलं असतं.

ही सोव्हिएत हवाई दलाची ५८८वी नाइट बॉम्बर रेजिमेंट. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिला गार्ड्सचा मान मिळाला आणि तिचा क्रमांक ४६ झाला. कमांडरपासून बॉम्ब लावणाऱ्यांपर्यंत सगळ्या बायका, बहुतेक जणी सतरा ते बावीस वर्षांच्या. जर्मन सैनिक त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणत आणि पुढे जगभर त्या याच नावाने ओळखल्या गेल्या. त्यांच्यावरची पुस्तकं आणि माहितीपट वैमानिकांसोबत विमानात बसून निघून जातात. मला मात्र या रेजिमेंटबद्दल वाचताना दर वेळी खाली मैदानावर, त्या कंदिलांपाशी थांबावंसं वाटतं. जून १९४२ ते मे १९४५ या काळात या मुलींनी सुमारे २४,००० फेऱ्या केल्या आणि जवळपास ३,००० टन बॉम्ब टाकले. शत्रूवर पडलेला त्यातला प्रत्येक बॉम्ब आधी कुणीतरी हातांनी उचललेला होता. फेऱ्यांचा तो आकडा आकाशात जेवढा घडला, त्याहून अधिक जमिनीवर घडला, असं माझं मत आहे. ते मत कशावरून झालं, ते सांगण्यासाठी त्यांच्या रोजच्या कामाकडेच बघायला हवं.

सुरुवात ऑक्टोबर १९४१ची. जर्मन फौजा मॉस्कोच्या रोखाने येत होत्या. मरीना रास्कोवा हे नाव तेव्हा देशात सगळ्यांच्या तोंडी होतं. १९३८ मध्ये दोन वैमानिक मैत्रिणींसोबत तिने मॉस्कोपासून देशाच्या अतिपूर्वेपर्यंत कुठेही न थांबता उड्डाण केलं होतं. शेवटी पेट्रोल संपत आलं तेव्हा तिने ठरल्याप्रमाणे पॅराशूटने उडी मारली आणि दहा दिवस तैगाच्या जंगलात एकटीने काढले. युद्ध पेटल्यावर आघाडीवर जाऊ इच्छिणाऱ्या मुलींची पत्रं तिच्याकडे येऊ लागली. तिने वरपर्यंत शब्द टाकला आणि बायकांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या करायचा हुकूम निघाला. एक लढाऊ विमानांची, एक दिवसा बॉम्बफेक करणारी आणि एक रात्रीची.

व्होल्गाकाठच्या एंगेल्स गावी प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्याच दिवसांत वेण्या कापायचा हुकूम आला. कपडे मिळाले ते पुरुषांचे, अगदी आतल्या कपड्यांसकट, आणि बूट एवढे मोठे की पुढे बोळे कोंबल्याशिवाय चालता येईना. फ्लाइंग क्लबात शिकलेल्या मुली वैमानिक झाल्या. विद्यापीठांतून आलेल्या बऱ्याच जणींना नॅव्हिगेटरचं काम मिळालं, बाकीच्या मेकॅनिक आणि शस्त्रविभागात गेल्या. रात्रीच्या रेजिमेंटची कमांडर येवदोकिया बेर्शान्स्काया नागरी हवाई सेवेत बरीच वर्षं काढलेली, अठ्ठावीस वर्षांची. चीफ ऑफ स्टाफ इरिना राकोबोल्स्काया बावीस वर्षांची, मॉस्को विद्यापीठातली भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. मार्च १९४२ मध्ये रात्रीच्या सरावात हिमवादळ आलं, दोन विमानं कोसळली आणि चौघी गेल्या. शत्रू अजून कुणी पाहिलाही नव्हता.

त्यांना मिळालेलं विमान यू-२, म्हणजे पुढे पो-२ म्हणून ओळखलं गेलेलं. १९२०च्या दशकाच्या शेवटी शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेलं हे दुपंखी विमान. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून रोगण दिलेलं कापड, पाच सिलिंडरचं शंभर अश्वशक्तीचं इंजिन. वर छप्पर नाही, पुढे वैमानिक, मागे नॅव्हिगेटर. बॉम्ब लादल्यावर ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पुढे ते फारसं जात नसे. दोनशे ते तीनशे किलो बॉम्ब, रेडिओ नाही, १९४४ उजाडेपर्यंत मशीनगन नाही, आणि त्याच वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत पॅराशूटही नाही. कापडाला आग लागली की काही मिनिटांत सगळं खलास. पण याच विमानाला उतरायला जेमतेम मैदान पुरतं, गवतावरून, शेतातून, रस्त्यावरूनही ते उठतं, आणि शाळेत शिवण शिकलेली मुलगी त्याच्या पंखाला पडलेलं भोक सुईदोऱ्याने शिवून, ठिगळ लावून, वर रोगण फासून संध्याकाळपर्यंत पुन्हा तयार करू शकते. आघाडीपासून वीस-तीस किलोमीटरवर राहून रात्रभर येरझारा घालायच्या तर याहून सोयीचं दुसरं विमान नव्हतं.

रेजिमेंट २३ मे १९४२ रोजी आघाडीकडे निघाली आणि जूनमध्ये पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या. लगोलग दक्षिणेकडची ती मोठी माघार आली. सगळी फौज स्टेपच्या मैदानातून काकेशसकडे हटत होती. एक विमान बिघडलं म्हणून रेजिमेंटची मुख्य इंजिनिअर सोफिया ओझेरकोवा आणि मेकॅनिक इरिना काशिरिना त्याच्यापाशी मागे राहिल्या, आणि जर्मन पुढे निघून गेल्यामुळे शत्रूच्या मुलखात अडकल्या. दोघी गावकऱ्यांचे कपडे घालून पायी चालत आपल्या फौजेपर्यंत पोहोचल्या. काशिरिना वाटेत टायफसने आजारी पडली होती. तिचं नाव ध्यानात असू द्या, ती पुन्हा येणार आहे.

आता त्यांचा दिवस कसा असे ते बघू. खरं तर तो पहाटे सुरू होई, शेवटचं विमान उतरल्यावर. उजाडायच्या आत विमानं पांगवून झाडांखाली ढकलायची, वर फांद्या टाकायच्या. काकेशसमधल्या असिनोव्स्कायाला ती सफरचंदाच्या बागेत लपवलेली असत. मग न्याहारी आणि झोप. झोपायला मिळेल ती जागा, कधी गावातली शाळा, कधी गोठा, कधी जमिनीत खणलेलं भुयार. ज्यांनी रात्री उड्डाण केलं त्या दुपारपर्यंत झोपत. मेकॅनिकांना ते सुख नव्हतं, कारण गोळ्यांची भोकं दिवसाउजेडीच दिसतात. दुपारी हवामानाचा अंदाज यायचा, संध्याकाळी रेजिमेंट रांगेत उभी राहायची आणि कमांडर त्या रात्रीचं लक्ष्य सांगायची. नदीवरचा पूल, दारूगोळ्याचा साठा, रेल्वे स्टेशन, नाहीतर एखाद्या गावात उतरलेली जर्मन पलटण. नॅव्हिगेटर गुडघ्यावर नकाशा पसरून रेघा मारत. अंधार पडायच्या सुमारास विमानं उडून आघाडीच्या आणखी जवळच्या एखाद्या तात्पुरत्या मैदानावर जात. बॉम्ब, पेट्रोल आणि मेकॅनिक ट्रकने तिथे आधीच पोहोचलेले असत.

मग दर तीन ते पाच मिनिटांनी एक विमान उठे. लक्ष्यावर सतत कुणीतरी असलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. बॉम्बने किती नुकसान झालं एवढ्यावरच कामाचं मोजमाप नव्हतं. खाली असलेल्या माणसांना रात्रभर झोप लागू न देणं, दिवा पेटवू न देणं, ट्रक हलवू न देणं हेही कामच होतं. लक्ष्य जवळ आलं की वैमानिक इंजिन मंद करे आणि विमान घसरत खाली आणे, तेवढ्यात नॅव्हिगेटर हाताने प्रकाशगोळा सोडून लक्ष्य बघे आणि बॉम्बची तार ओढे. पुष्कळदा दोन विमानं जोडीने जात. पहिलं मुद्दाम सर्चलाइट आणि तोफा आपल्यावर ओढून घेई, दुसरं आवाज न करता मागून येऊन बॉम्ब टाकी. मग अदलाबदल. जाऊन-येऊन पाऊण तास, कधी त्याहून थोडं कमी.

रात्री किती फेऱ्या होणार हे यावरच ठरत असे. उन्हाळ्यात काळोखच मोजका. विमानाचा वेग वाढवता येत नाही, लक्ष्य जवळ ओढून आणता येत नाही. हातात उरते फक्त जमिनीवरची वेळ. हवाई दलाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विमानाचा आपला मेकॅनिक आणि बॉम्ब लावणारा आपला माणूस. ते विमान आलं की त्यांनीच सगळं करायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही, म्हणजे चूक झाली तर जबाबदार कोण हे कळतं. दिवसातून एक-दोन उड्डाणं करणाऱ्या रेजिमेंटला हे ठीक आहे. इथे मात्र एका विमानाच्या मुली घाम गाळत असत, तेव्हा शेजारच्या विमानाच्या मुली पाऊण तास आभाळाकडे डोळे लावून बसत. शिवाय शंभर किलोचा बॉम्ब एकट्या मुलीने उचलायचा कसा, याचं उत्तर नियमात नव्हतं.

मुलींनी नियम बाजूला ठेवला. पंगतीत एक जण भात घेऊन फिरतो, एक वरण, एक तूप, आणि बघता बघता शंभर पानं वाढून होतात. तीच रीत त्यांनी मैदानावर लावली. विमान कुणाचंही असो, धरून आणणाऱ्या ठरलेल्या, पेट्रोल भरणाऱ्या ठरलेल्या, इंजिन तपासणाऱ्या ठरलेल्या, बॉम्ब लावणाऱ्या तिघी-तिघींच्या टोळ्या ठरलेल्या. आलेलं विमान पाच मिनिटांत परत हवेत. हिशेब सोपा आहे. एका फेरीला चाळीस मिनिटं आणि जमिनीवर वीस मिनिटं धरली, तर सहा तासांच्या रात्रीत सहा फेऱ्या होतात. जमिनीवरची वीस मिनिटं पाचवर आणली, की आठ होतात. तीच विमानं, त्याच वैमानिक, तेवढंच इंजिन, आणि दर विमानामागे दोन फेऱ्या जास्त. शिवाय पाळ्या लावल्यामुळे मेकॅनिकांना आळीपाळीने थोडी झोप मिळू लागली. राकोबोल्स्काया पुढे आयुष्यभर अभिमानाने सांगत आली, की एवढ्या फेऱ्या झाल्या त्या या पद्धतीमुळे.

या वेगाची किंमत शरीरं मोजत होती. बॉम्ब लावणारी एक मुलगी एका रात्रीत दोन-तीन टन वजन उचले. हिवाळ्यात इंजिनातलं तेल काढून गरम करून परत ओतावं लागे, आणि गोठलेल्या धातूला उघडा हात लागला की कातडी चिकटून सोलून निघे. वैमानिकांना झोप आवरत नसे. विमानात दोघींकडेही नियंत्रणं असल्यामुळे काही जोड्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं, जाताना एकीने डुलकी काढायची, येताना दुसरीने.

गाल्या दोकुतोविच या नॅव्हिगेटरवर १९४२च्या उन्हाळ्यात ओढवलेला प्रसंग या थकव्यातूनच आला. दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडा वेळ मिळाला म्हणून ती मैदानाच्या कडेला गवतात आडवी झाली आणि तिला झोप लागली. काळोखात, दिवे न लावता चाललेला पेट्रोलचा ट्रक तिच्या अंगावरून गेला. पाठीच्या कण्याला जबर मार बसला. इस्पितळातून सुटताना तिला सहा महिन्यांची रजा लिहून दिली होती. तिने तो कागद लपवला, रेजिमेंटमध्ये परत आली आणि पुन्हा उडू लागली. पाठ दुखत असे, हे तिच्या डायरीत आहे. ती डायरी पुढे प्रसिद्ध झाली. कामाची रीत कितीही चोख बसवली, तरी ती चालवणारी माणसं दमतात, आणि दमलेलं माणूस कुठेही झोपतं.

याच मुली पुरुषांच्या चड्ड्यांतून निळे दोरे उसवून पायाला गुंडाळायच्या फडक्यांवर फुलं भरत. एकदा शस्त्रविभागातल्या दोघींनी प्रकाशगोळ्याला असलेलं लहानसं रेशमी पॅराशूट फाडून आतले कपडे शिवले. लष्करी मालमत्तेची नासाडी म्हणून खटला झाला आणि दोघींना दहा-दहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. रेजिमेंटने त्यांना आपल्याकडेच ठेवून घेतलं. दोघी पुढे नॅव्हिगेटर झाल्या, आणि त्यांतली एक कुबानच्या आघाडीवर मारली गेली. एका रात्रीत दोन टन बॉम्ब उचलणाऱ्या मुलीला अंगाला बसतील असे कपडे हवे होते. एवढ्यासाठी दहा वर्षं सुनावणाऱ्या व्यवस्थेबद्दल वाचताना आजही संताप येतो.

१९४३च्या सुरुवातीला जर्मन काकेशसमधून हटू लागले आणि रेजिमेंट त्यांच्या मागे कुबानच्या काळ्या मातीत आली. बर्फ वितळल्यावर ती माती चाकं गिळू लागली. पेट्रोलचे आणि अन्नाचे ट्रक वाटेतच रुतले. मुलींनी विमानं अक्षरशः खांद्यांनी उचलून कोरड्या पट्टीवर आणली, पेट्रोल विमानांनीच वाहून आणलं आणि कित्येक दिवस बिनमिठाचा उकडलेला मका खाल्ला. पुढे त्यांचा मुक्काम इवानोव्स्काया या गावी पडला. समोर होती जर्मनांची ‘निळी रेषा’, नोव्होरोसिस्कपासून अझोव समुद्रापर्यंत पसरलेली तटबंदी. तिथल्या तोफा आणि सर्चलाइट यांची दाटी त्यांनी आधी कुठे पाहिली नव्हती.

एप्रिल १९४३च्या एका रात्री नोव्होरोसिस्कजवळ दुस्या नोसाल आपल्या ३५४व्या फेरीवर होती. तिच्या मागे नॅव्हिगेटर म्हणून बसली होती इरिना काशिरिना, तीच माघारीत पायी चालत आलेली मेकॅनिक. रेजिमेंटने आपल्या मेकॅनिकांना नॅव्हिगेटर आणि नॅव्हिगेटरांना वैमानिक बनवायची स्वतःची शाळाच चालवली होती, आणि काशिरिना त्या शाळेतून वर आली होती. एका जर्मन विमानाचा गोळा पुढच्या कॉकपिटवर बसला. नोसाल जागीच गेली आणि तिचं शरीर नियंत्रणदांड्यावर कोसळलं. विमान खाली झेपावू लागलं. काशिरिना उभी राहिली, पुढे वाकून एका हाताने नोसालची कॉलर धरून तिला मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताने आपल्याकडचा दांडा सांभाळला. शरीर पुन्हा पुन्हा घसरे, ती पुन्हा पुन्हा ओढे. अशा स्थितीत तिने विमान तळापर्यंत आणलं आणि उतरवलं. दुस्या नोसालला मरणोत्तर ‘हीरो ऑफ द सोव्हिएत युनियन’ हा किताब मिळाला, रेजिमेंटमधला पहिला.

३१ जुलैची रात्र या सगळ्यांहून वाईट होती. विमानं लक्ष्यावर पोहोचली, सर्चलाइट पेटले, पण तोफा गप्प. मागून येणाऱ्या मुलींना हे विचित्र वाटलं आणि क्षणभरातच कारण कळलं. जर्मनांनी रात्रीचं लढाऊ विमान वर सोडलं होतं. सर्चलाइट एकेका विमानाला झोतात धरत आणि ते लढाऊ विमान त्याला पेटवून देई. आपली गोळी आपल्याच विमानाला लागू नये, म्हणून तोफा बंद होत्या. जेमतेम पंधरा मिनिटांत चार विमानं जळत खाली गेली. मागून येणाऱ्या काही जणींनी विमान एकदम खाली, जमिनीलगत आणलं म्हणून त्या वाचल्या. बेर्शान्स्कायाने त्या रात्रीची उड्डाणं थांबवली. चार विमानांतल्या आठ जणींत गाल्या दोकुतोविच होती आणि इरिना काशिरिनाही.

मेकॅनिक म्हणून आलेली, शत्रूच्या मुलखातून चालत परतलेली, मेलेल्या मैत्रिणीला एका हाताने धरून विमान परत आणणारी काशिरिना. ‘हीरो’चा किताब तिला मिळाला नाही.

पुढचे महिने भराभर गेले. तामान द्वीपकल्प मुक्त झाल्यावर रेजिमेंटला ‘तामान’ हे उपनाव मिळालं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४३ मध्ये केर्चजवळ एल्तिगेनच्या किनाऱ्यावर उतरलेली नौसैनिकांची तुकडी वेढली गेली, तेव्हा बॉम्बच्या जागी अन्नाची आणि काडतुसांची पोती बांधून या मुली समुद्रावरून वाऱ्या करू लागल्या. चिंचोळ्या पट्टीत पोतं अचूक पडावं म्हणून अगदी खाली यायचं, इंजिन मंद करायचं आणि खालच्या सैनिकांना ओरडून सांगायचं. पोती आवळणाऱ्या अर्थात त्याच बॉम्ब लावणाऱ्या.

येवगेनिया रुदनेवा, सगळ्यांची झेन्या, मॉस्को विद्यापीठात खगोलशास्त्र शिकत होती आणि युद्धाआधी ताऱ्यांवर संशोधन करू लागली होती. रेजिमेंटची मुख्य नॅव्हिगेटर झाल्यावर तिने एक रिवाज पाळला. नवी वैमानिक आली की पहिल्या फेऱ्यांना तिच्यासोबत आपण जायचं. ९ एप्रिल १९४४च्या रात्री, आपल्या ६४५व्या फेरीवर, अशाच एका नव्या वैमानिकाबरोबर ती केर्चजवळ पेटत्या विमानात गेली. तिच्या नावाचा एक लघुग्रह आज सूर्याभोवती फिरतो आहे.

पॅराशूट न घेण्यामागे मुलींचा हिशेब असा, की ते वजन वाचलं तर तेवढे बॉम्ब जास्त नेता येतात, आणि शत्रूच्या हाती जिवंत सापडण्याची त्यांची तयारी नव्हती. ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडच्या आकाशात तान्या माकारोवा आणि वेरा बेलिक जिवंत जळाल्या आणि त्यानंतर पॅराशूट लावूनच उडायचं असं ठरलं. डिसेंबरमध्ये ओल्गा सान्फिरोवा आणि रुफिना गाशेवा यांचं विमान पेटलं, तेव्हा दोघींनी उड्या टाकल्या आणि दोघी सुखरूप जमिनीवर आल्या, पण सुरुंग पेरलेल्या पट्ट्यात. सान्फिरोवाचा पाय सुरुंगावर पडला. गाशेवा चालत आपल्या खंदकांपर्यंत आली. हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी वाटतं, दोन वर्षं आधी पॅराशूट असते तर किती जणी परत आल्या असत्या.

पोलंडमधल्या त्या हिवाळ्यात रात्री लांब होत्या आणि मैदानावरच्या टोळ्या आता अडीच वर्षं मुरलेल्या. एकेका विमानाने रात्रीत सोळा-अठरा फेऱ्या केल्याच्या नोंदी त्या काळातल्या आहेत. डिसेंबर १९४४च्या एका रात्री सगळ्या रेजिमेंटच्या मिळून तीनशेहून अधिक फेऱ्या झाल्या. दर फेरीला दोनशे किलो जरी धरले, तरी त्या एका रात्रीत साठ टन बॉम्ब गोठलेल्या हातांनी पंखाखाली चढले.

मे १९४५ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर शेवटच्या फेऱ्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये रेजिमेंट बरखास्त झाली. इरिना सेब्रोवाच्या नावावर १,००८ फेऱ्या होत्या, नताल्या मेक्लिनच्या ९८०. युद्धकाळात आणि त्यानंतर लगेच मिळून रेजिमेंटमधल्या तेवीस जणींना ‘हीरो’चा किताब मिळाला. सगळ्या वैमानिक किंवा नॅव्हिगेटर. फेऱ्या मोजून किताब द्यायचा तर ज्यांच्या नावापुढे फेऱ्या लिहिल्या जात त्यांनाच तो मिळणार. बॉम्ब लावणाऱ्या मुलीने तीन वर्षांत किती टन उचलले, याची वही कुणी ठेवली नव्हती. ती ठेवायला हवी होती. सेब्रोवाची हजारावी फेरी ज्या हातांमुळे झाली, त्या हातांची नावं कुणी तरी लिहून काढायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. राकोबोल्स्काया विद्यापीठात परतली, विश्वकिरणांच्या अभ्यासात प्राध्यापक झाली आणि २०१६ मध्ये शहाण्णव वर्षांची होऊन गेली. मुलाखतींत मैदानावर काम करणाऱ्या मुलींचा विषय ती काढत असे.

एक वही मात्र युद्धानंतरही पुरी केली गेली. परत न आलेल्या विमानांच्या नोंदीपुढे ‘बेपत्ता’ एवढंच लिहिलेलं असे. रेजिमेंटची राजकीय अधिकारी येवदोकिया राचकेविच ही नोंद तशीच सोडायला तयार नव्हती. वर्षानुवर्षं स्वतःच्या पैशाने ती रेजिमेंटच्या जुन्या मार्गावरून फिरली. गावोगावी म्हाताऱ्यांना विचारायचं, इथे कधी लहान दुपंखी विमान पडलं होतं का, त्यात मुली होत्या का, त्यांना कुठे पुरलं. जून १९४२ मध्ये, अगदी पहिल्या फेऱ्यांतच हरवलेल्या ल्युबा ओल्खोव्स्काया आणि वेरा तारासोवा यांचा पत्ता १९६०च्या दशकात असाच लागला. डोनबासमधल्या गावकऱ्यांना विमानात दोन मुली मेलेल्या सापडल्या होत्या, आणि जर्मनांच्या नकळत त्यांनी त्यांना पुरलं होतं. झेन्या रुदनेवाला केर्चजवळच्या लोकांनी अनोळखी सैनिक म्हणून माती दिली होती, तीही सापडली. राचकेविचने एकेक नाव त्याच्या जागेशी जुळवत नेलं आणि थडग्यांवर नावं कोरून घेतली.